वेलींमधली वाट

३ जून

चि. सारथी हिस,

मामाचा आशीर्वाद. शिकाऊ माणसाच्या हाती मोटार देऊन शेजारच्या सीटवर शांत बसायचं, हा तुझा धंदा. म्हणून हे नाव मी तुला दिलं आणि ते मी मागे घेणार नाही.

तुझ्या हुकुमाप्रमाणे काल तुझ्या लग्नासाठी ती वायनरी पाहून आलो. पत्र अशासाठी, की घरात आलेला प्रत्येक फोन तुझी आई स्पीकरवर टाकते. मग बोलायचं मी आणि उत्तरं द्यायची तिने. मी वरच्या मजल्यावर, ती खालच्या; गुप्ततेला एवढं अंतर पुरत नाही.

आधी जागा. बसने शहर सोडलं की तासाभरात येते. उतारावर द्राक्षांचे वेल तारांवर हात टाकून ओळीने उभे, शाळेत कवायत चालावी तसे. वर एक लांबट दगडी इमारत. आत स्टीलच्या उंच टाक्या, खाली तळघरात लाकडी पिंपं, पुढे हिरवळ. लग्नं त्या हिरवळीवर लागतात. याला शुद्ध भाषेत 'आसवशाळा' म्हणता येईल, असं मी तिथल्या व्यवस्थापिकाबाईंना सुचवलं. त्या म्हणाल्या, "बोर्ड रंगवून झालाय हो." बाई मला आवडल्या.

तिथे वाइन चाखायला एक गृहस्थ नेमलेले आहेत. ते घोट घेतात, डोळे मिटतात, तो तोंडभर फिरवतात आणि बादलीत थुंकतात. मग सांगतात, "शेवटी किंचित ओली माती येते." मुलांच्या तर्कशास्त्राच्या उत्तरपत्रिकांबद्दल माझंही वर्षानुवर्षं हेच मत होतं, पण मला बादलीची सोय नव्हती.

आता मंडळी. मी, तुझी आई, तुझा लिफ्ट दुरुस्त करणारा नवरदेव आणि त्याच्या मातोश्री, म्हणजे होणाऱ्या विहीणबाई. लिफ्टवाला नेहमीसारखा गप्प. माणसं वर-खाली नेणाऱ्याला बोलायची गरज पडत नसावी. विहीणबाई मात्र हसऱ्या, मोकळ्या, आणि त्यांनी तुझ्या आईसाठी काहीतरी आणलेलं दिसत होतं.

तुझ्या आईचं म्हणशील तर बसमधून उतरता उतरता तिने टेकडीवरची पाटी माझ्याआधी वाचली. इथवर ठीक. मग हिरवळीच्या कडेवरून पाय घसरला, दोष हिरवळीचा. मग कोपराचा धक्का लागून वेटरच्या हातातली पेल्यांची थाळी गेली, दोष वेटरचा. "इथली माणसं जमिनीतून उगवतात की काय!" हे वेटरसमोरच. तळघराच्या दारात उन्हातून आली तशी थबकली आणि म्हणाली, "मी काय उंदीर आहे बिळात शिरायला?" सगळे खाली गेले, ती वर उभी.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय, पण लिहितो. निघताना विहीणबाई तिच्या डाव्या अंगाला येऊन उभ्या राहिल्या. पर्समधून छोटीशी पुडी काढली आणि हात पुढे केला. तुझी आई समोर टेकडीकडे बघत होती. बघतच राहिली. पुडी हवेत. मग ती उजवीकडे वळली आणि चालू लागली. पुडी पुन्हा पर्समध्ये गेली आणि परतीच्या बसमध्ये विहीणबाई हसल्या नाहीत.

बसमध्ये ताईला विचारलं, जागा कशी वाटली? "नको. पायऱ्या कुठेही, खांब कुठेही, माणसं कुठूनही." कोल्ह्याला द्राक्षं आंबट असतात हे माहीत होतं, तुझ्या आईला न चाखताच आंबट लागली.

तुझा,
मामा


९ जून

प्रिय मामा,

तू गमतीत लिहिलंस ते इथे फार महागात पडलंय.

तुझं पत्र यायच्या आधीच त्याचा फोन आला होता. तो मुळात कमी बोलतो, त्या दिवशी त्याहून कमी बोलला. शेवटी म्हणाला, "आई म्हणते, त्यांच्या घरी आपण पसंत नाही. लग्न जरा पुढे ढकलू या." मी विचारलं, काय झालं? तर म्हणे, काही नाही. आता तुझ्या पत्रावरून कळलं काय झालं ते.

पुढे ढकलायचं म्हणजे काय ते मला कळतं, मामा. गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये सोडायची आणि म्हणायचं, आपोआप थांबेल.

आईला हे लग्न नको असेल तर तिने मला सांगावं. सहा महिन्यांत एकदाही तिने त्याला नाव ठेवलेलं नाही. उलट माझा लग्नाचा पोशाख तीच शिवणार, दुसऱ्याने सुई लावायची नाही, असं बजावलंय. आणि त्याच्या आईने दिलेली वस्तू मात्र हातात घ्यायची नाही? माणसांदेखत? ती हट्टी आहे, तोंडाने फटकळ आहे, पण माणसाचा अपमान करताना मी तिला कधी पाहिलेलं नाही. बाबा गेल्यावर ज्यांनी आम्हाला विचारलं नाही, त्यांचेसुद्धा कपडे तिने शिवून दिले.

तू तिला सरळ विचार. गोल गोल नको, पंडिती नको. "तुला हे लग्न हवं की नको?" एवढंच. नको असेल तर मी इथेच नोंदणी करून मोकळी होईन आणि तुम्हाला फोटो पाठवीन. रागाने लिहितेय असं समज, पण लिहिलंय ते खरं आहे.

सारथी


१५ जून

चि. सारथी,

विचारलं. पंडिती न करता विचारलं, एका वाक्यात, आयुष्यात पहिल्यांदा.

ताई मशीनवर बसली होती. तुझ्याच पोशाखाची बाही चालू होती. संवाद जसाच्या तसा देतो.

"ताई, तुला हे लग्न हवं की नको?"

"म्हणजे काय? मुलगा सोन्यासारखा आहे. आपल्या जिन्याचा दिवा न सांगता बदलून गेला. जागा वाईट आहे एवढंच म्हणाले मी."

"मग विहीणबाईंनी पुडी दिली ती का घेतली नाहीस?"

"कुठली पुडी?"

"तुझ्या शेजारी उभ्या राहून, हात पुढे करून..."

"माझ्या शेजारी कोणी आलं नव्हतं. उगाच काहीतरी बोलू नकोस, पंडित."

तिने मान वर करून, माझ्याकडे रोखून बघत हे सांगितलं. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, विहीणबाई तिच्यापासून हातभर अंतरावर होत्या. आमच्या शास्त्रात ज्ञानाची साधनं सांगितलीत, त्यात प्रत्यक्ष पाहणं पहिलं. माझं प्रत्यक्ष एक सांगतं, तिचं दुसरं. दोघांतलं कोणीतरी खोटं बोलतंय आणि तो मी नव्हे. तुझी आई खोटं बोलते आहे हे वाक्य लिहायला मला किती वेळ लागला असेल याची तू कल्पना कर.

नजर कमी झाली म्हणावं तर तेही नाही. माझ्यासमोर तिने सुईत दोरा ओवला, एका झटक्यात, चष्म्याशिवाय. मला सुईच दिसत नव्हती.

वयाने माणूस तिरसट होतो, असा माझा निष्कर्ष आहे. हल्ली तिचं सगळ्यांशी भांडण चालू असतं. परवा कपाटाचं उघडं दार खांद्याला लागलं, तर कपाटाला बोलली. रस्त्यात सायकलवाला शेजारून गेला, तर "कुठून टपकला मेला" म्हणून ओरडली. तो बिचारा दुरून घंटी वाजवत येत होता. मी जेवताना उजवीकडे वाटी ठेवली, तिने हाताने ती पाडली आणि मलाच विचारलं, इथे वाटी कोणी ठेवली? शेजारच्या शिक्षिका म्हणतात, ताई आताशा रस्त्यात ओळख देत नाहीत. समोर आल्या की मात्र थांबून तासभर बोलतात. याला काय म्हणायचं? मान ठेवायचा असेल तेव्हा ठेवायचा, नसेल तेव्हा माणसाच्या आरपार बघायचं.

काल मी एकटाच वायनरीत जाऊन आलो, जागेवर अन्याय नको म्हणून. पायऱ्या आहेत, पण मोजक्या आणि रुंद. खांब असायला हवेत तिथेच आहेत. माणसं दारातून येतात, जमिनीतून उगवत नाहीत. व्यवस्थापिकाबाई म्हणाल्या, पाऊस संपला की ऑक्टोबरात जागा मोकळी, पण लवकर कळवा. मी त्यांना कळवतो म्हणालो. काय कळवू ते तू मला कळव.

मामा


२० जून

प्रिय मामा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा शंका आली, तिसऱ्यांदा उठून उभी राहिले.

माझ्याकडे मागच्या वर्षी एक आजोबा गाडी शिकायला यायचे. नातवंडांना फिरवायचं म्हणून हौस. लांबची पाटी माझ्याआधी वाचायचे. परवान्यासाठी अक्षरं वाचायची असतात, ती घडाघडा वाचली. पण गाडी चालवताना डावीकडचा प्रत्येक खांब, प्रत्येक कुंडी घासायचे. बाजूने कोणी आलं की दचकायचे आणि म्हणायचे, "ही माणसं कुठून टपकतात?" मी त्यांना आरशात बघत जा म्हणून ओरडायचे. मला वाटायचं, लक्ष नाही. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा कळलं, काचबिंदू होता. समोरचं स्वच्छ दिसतं आणि कडेचं हळूहळू पुसलं जातं. दुखत नाही, खुपत नाही. काळं दिसतं असंही नाही. तिथे काही आहे हेच कळत नाही.

आता तू लिहिलेलं एकेक बघ. थाळी कुठून आली? बाजूने. कपाटाचं दार? बाजूला. सायकल, वाटी? बाजूला. हिरवळीची कड पायाखाली. शिक्षिका समोर आल्या की आई बोलते. आणि विहीणबाई डाव्या अंगाला उभ्या होत्या, हे तूच लिहिलंयस. उन्हातून अंधारात आली की थबकते. सुईत दोरा ओवते कारण सुई नाकासमोर असते.

तुमच्यापैकी कोणीच खोटं बोलत नाही, मामा.

एक करशील? तिच्या समोर खुर्ची टाकून बस, गुडघ्याला गुडघा. तिला एक डोळा हाताने झाकायला सांग आणि दुसऱ्याने फक्त तुझ्या नाकाकडे बघायला सांग. मग तू बाजूने, कानाच्या मागून, बोट हलवत हलवत पुढे आण. दिसलं की तिने सांगायचं. डोळा फिरवू देऊ नकोस. मग दुसरा डोळा.

माझी शंका खोटी ठरली तर तू मला जन्मभर चिडव.

सारथी


२५ जून

चि. सारथी,

चिडवणार नाही.

तिला खेळ म्हणून सांगितलं. "या वयात खेळ?" म्हणाली, पण बसली. उजवा डोळा झाकला आणि माझ्या नाकाकडे बघत बसली. नाकावर काहीतरी शेरा मारून झाला. मी डावीकडून बोट हलवत आणू लागलो. कानाजवळ आलं, गालाजवळ आलं.

ती म्हणाली, "आणतोस ना बोट? किती वेळ बसायचं?"

माझं बोट तेव्हा तिच्या गालापासून वीतभर अंतरावर हलत होतं.

मी ते पुढे आणत राहिलो. ते जवळजवळ माझ्या चेहऱ्यासमोर आलं तेव्हा म्हणाली, "हं, आलं." दुसऱ्या डोळ्याने थोडं लवकर. वरून, खालून, तसंच.

मग मी स्वतः डोळा झाकून तिला बोट आणायला लावलं. मला ते माझ्या खांद्यापाशीच दिसलं. मी "दिसलं" म्हणालो आणि तिचा चेहरा बदलला. तुझी आई मूर्ख नाही. तिने जे पहिलं विचारलं ते लिहितो: "म्हणजे विहीणबाई खरंच आल्या होत्या?"

सारथी, मी मुलांना शिकवत आलो की डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे असं अनुमान करावं. माझ्या घरात महिनोन्‌महिने धूर निघत होता आणि मी त्याला तिरसटपणा म्हणत होतो.

उद्या डॉक्टरांकडे जातो आहोत.

मामा


२८ जून

मामा,

डॉक्टर काय म्हणाले ते लगेच फोनवर सांग, आई स्पीकर लावू दे. आणि वायनरीचं सोडून द्या. एखादा सपाट हॉल बघू, एकही पायरी नको. मला जागेचं काही पडलेलं नाही.

त्याला मी सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "मी आईला सांगतो." आणि मग म्हणाला, "तुझ्या आईच्या जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावायला हवा. रविवारी येतो." त्याच्या मानाने हे भाषण झालं.

सारथी


१२ जुलै

चि. सारथी,

फोनवर सांगितलं ते सगळं तुला माहीत आहे. जे स्पीकरवर सांगता आलं नाही ते आता लिहितो.

तपासणीला एक पांढऱ्या वाडग्यासारखं यंत्र असतं. त्यात तोंड घालून बसायचं, कुठे कुठे बारीक दिवे लागतात, दिवा दिसला की बटण दाबायचं. तुझी आई बाहेर आली ती तक्रार घेऊनच. "यंत्र बिघडलंय यांचं. बराच वेळ दिवाच लागत नव्हता." यंत्रावरच्या मुलीने कागद डॉक्टरांकडे दिला. मी पाहिला. मधे उजेडाचा गोल, बाकी काळं. डॉक्टर म्हणाल्या, गेलं ते परत येत नाही. राहिलंय ते थेंबांनी राखता येईल, पण थेंब रोज, आयुष्यभर. ताईने विचारलं, "सुई दिसत राहील?" त्या म्हणाल्या, "थेंब चुकवले नाहीत तर आशा आहे." तेव्हापासून थेंबांच्या वेळा ती मला चुकवू देत नाही, जणू डोळे माझे आहेत.

दुसऱ्या दिवशी ती एकटी विहीणबाईंकडे जायला निघाली. मी मागोमाग गेलो. तिला कडेचं दिसत नसल्याचा तेवढा फायदा घेतला. दार उघडल्याबरोबर म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही डाव्या बाजूला होतात, मला तुम्ही दिसलाच नाहीत. आता समोर आहात. काय आणलं होतंत ते दाखवा." विहीणबाईंनी तिचा हात धरला, बसवलं, रडल्या, हसल्या, मग पुडी आणली. शिंपल्याची बटणं आहेत. त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या पोशाखावरची, इतकी वर्षं जपलेली. तुझी आई शिवते हे कळल्यावर त्यांना वाटलं, ही तुझ्या पोशाखाला लागावीत. ताईने एकेक बटण उजेडात धरून पाहिलं. म्हणाली, "छिद्रं हाताने पाडलेली आहेत." हे तिच्याकडून मोठं प्रशस्तिपत्र.

इथवर छान. पण आता खरी अडचण सांगतो. काल रात्री जेवताना म्हणाली, "मी लग्नाला येणार नाही. तिथे कोणावर तरी आपटेन, काहीतरी पाडेन. तिच्या लग्नात लोकांनी मला सावरत बसायचं? त्यापेक्षा पोशाख शिवून देते आणि घरी बसते." मी सपाट हॉलचं सांगितलं. "हॉलमध्ये माणसं नसतात का? चारही बाजूंनी येतात." तूच काहीतरी कर. मी हरलो.

मामा


१४ जुलै

मामा,

तिला एवढंच सांग: तू नसशील तर मी तो पोशाख घालणार नाही. बटणं विहीणबाईंना परत करीन.

आणि तिला विचार, त्या वायनरीत अशी एखादी तरी जागा होती का, जिथे तिला बरं वाटलं? नसेल तर नसेल. पण ती टेकडीकडे बघत उभी होती, असं तू लिहिलं होतंस. काय बघत होती?

सारथी


२ ऑगस्ट

सारथीस, आईचा आशीर्वाद.

तुझा मामा लिहायला बसला होता, मीच कागद ओढून घेतला. तो शब्द फार फुगवतो आणि मुद्दा शेवटी येतो. डोळे मिटून लिहिलं तरी माझी ओळ सरळ जाते हे त्यालाही कळू दे.

बटणं परत करण्याच्या गोष्टी करू नकोस. ती लावून झाली. पुढच्या बाजूला, गळ्यापासून खाली सरळ एका ओळीत.

काय बघत होते ते विचारलंस म्हणून परत गेले वायनरीत. मामा, विहीणबाई आणि लिफ्टवाला बरोबर. मी त्यांना सांगितलं, माझ्या मागे चाला, बाजूला कोणी यायचं नाही. तिथल्या बाई म्हणाल्या, हवं तिथे फिरा. मी हिरवळीवर गेलेच नाही. सरळ वेलींकडे गेले आणि एका ओळीच्या तोंडाशी उभी राहिले.

तुला सांगते, तिथे दोन्ही बाजूंना पानांच्या भिंती आहेत, माझ्या डोक्याहून उंच. मधून वाट, एक ट्रॅक्टर जाईल एवढी. गवत कापलेलं, सपाट. समोर ती वाट थेट टेकडीपर्यंत दिसते. आणि बाजूला कोणालाच काही दिसत नाही. तुझ्या मामालाही नाही, विहीणबाईंनाही नाही. मी विचारून खात्री केली. त्या ओळीत सगळ्यांना माझ्याइतकंच दिसतं. तिथे कोणी बाजूने येऊच शकत नाही. पहिल्या दिवशी मी या ओळींकडेच बघत होते, पण तेव्हा मला कळलं नव्हतं का बरं वाटतंय ते.

व्यवस्थापिकाबाईंशी मी बोलले. ऑक्टोबरात पाऊस संपलेला असतो, आणि या ओळीची छाटणी लग्नानंतर करतील. तिच्या वरच्या टोकाला मोकळी जागा आहे, तिथे टेबल मांडतील, पाहुणे तिथेच थांबतील. चाखणारे गृहस्थ म्हणाले, त्या ओळीतली द्राक्षं सगळ्यांत उशिरा पिकतात. मी म्हटलं, माझी मुलगीही. ते हसले, थुंकले नाहीत.

तळघरात या वेळी गेले. लिफ्टवाला पुढे चालला आणि प्रत्येक पायरी आली की म्हणायचा, "पायरी." एवढाच शब्द, पण प्रत्येक वेळी. उतरले आणि चढले. जावई बरा आहे.

तर ठरलं. ऑक्टोबरातलं तुम्ही दोघं ठरवा, वायनरी तीच. मी ओळीच्या वरच्या टोकाला उभी राहीन. मामा माझ्या मागे राहील आणि गप्प राहील, हे त्याने कबूल केलंय. तू खालच्या टोकाकडून चालत ये. एकटी ये, सावकाश ये, वाटेच्या मधूनच ये. बटणं नीट लागली आहेत का ते मला पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचंय, आणि तू चालत असशील तेवढा सगळा वेळ मला दिसशील.

थेंबांची वेळ झाली. मामा हाका मारतोय, समोर येऊन.

आई